तरुणांना विचारलं खरं, पण कधी विचारलं?

१६ वर्षांखालच्या मुलांना ठरावीक समाजमाध्यमांवर खातं ठेवता येणार नाही, असा कायदा ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. १० डिसेंबर २०२५ पासून तो लागूही झाला. बंदी बरोबर की चूक यावर देशोदेशी वाद चालू आहे. त्या वादात एक साधा प्रश्न मात्र कडेला पडतो: फोन खाली ठेवला, तर पोरांनी जायचं कुठे? संध्याकाळचे साडेसात वाजलेत, खिशात पैसे नाहीत, घरात बसायचं नाही. अशा वेळी चार मित्रांना कुणी हटकणार नाही अशी जागा किती वस्त्यांमध्ये आहे?

स्थानिक प्रशासनाकडे याचं एक तयार उत्तर असतं, ते म्हणजे युवा केंद्र. इमारत उभी राहते, फीत कापली जाते, टेबल टेनिसचं टेबल येतं. सहा महिन्यांनी जाऊन पाहावं तर आत दिवे चालू, हॉल रिकामा आणि पोरं बाहेरच्या पायऱ्यांवर. मग निष्कर्ष निघतो की आजकालच्या मुलांना कशातच रस नाही. खरं तर पायऱ्यांवर बसून त्यांनी उत्तर दिलेलंच असतं. पायरीवर नाव नोंदवावं लागत नाही, कधीही उठून जाता येतं, येणारे-जाणारे दिसतात आणि कुणी ‘काय काम आहे?’ असं विचारत नाही. हॉलचा आराखडा काढणाऱ्याला हे ठाऊक असतं, तर इमारत वेगळी झाली असती.

‘युवा सहभाग’ हा अहवालांमध्ये गुळगुळीत झालेला शब्द आहे. त्याचा अर्थ इतकाच: हे उत्तर इमारत बांधण्याआधी मिळवायचं.

आधी शब्द नीट लावून घेऊ

युवा सेवा म्हणजे तरुणांसाठी सार्वजनिक पैशातून चालणारी कामं: अभ्यासिका, समुपदेशन, खेळाची सोय, नोकरीचं मार्गदर्शन. सामाजिक जागा म्हणजे काही विकत न घेता थांबता येईल असं ठिकाण, मग ते बाग असो, वाचनालय असो की पुलाखालचा कट्टा.

‘तरुण’ कुणाला म्हणायचं हे मात्र जागोजागी बदलतं. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ हा गट धरतो. भारताच्या २०१४ च्या युवा धोरणात तो १५ ते २९ आहे. कागदावर हे चालतं, कट्ट्यावर चालत नाही. पंधरा वर्षांची मुलगी आणि सत्तावीस वर्षांचा तरुण एकाच बाकावर बसणार नाहीत आणि एकाच बैठकीत मोकळेपणाने बोलणारही नाहीत. म्हणून साधारण १० ते १३, १४ ते १७ आणि १८ ते २४ असे गट वेगळे बसवावेत. सगळ्यांना एकत्र बसवलं की सर्वांत मोठी मुलं बोलतात आणि बाकीची मान डोलावतात.

सहभागाची शिडी आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्या

शिंपी आधी माप घेतो, मग कापड कापतो. कापड कापून, शिवून झाल्यावर ‘बटणं कोणत्या रंगाची लावू?’ एवढंच विचारणारा शिंपी आपण दुसऱ्यांदा शोधत नाही. युवा सहभागाच्या नावाखाली मात्र बहुतेक वेळा बटणांचा रंगच विचारला जातो.

हा फरक मोजायची पट्टी बरीच जुनी आहे. अमेरिकेच्या अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्याच धर्तीवर रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची शिडी काढली. तिच्या तळाच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना हवं तसं वापरून घेणं, त्यांना शोभेपुरतं उभं करणं आणि तोंडदेखला सहभाग. तोंडदेखला म्हणजे मंचावर खुर्ची आहे, हातात माईकही आहे, पण बोलण्याने काहीही बदलणार नाही. हार्ट यांच्या मते या तिन्ही पायऱ्यांवर सहभाग नसतोच. तो चौथ्या पायरीपासून सुरू होतो, जिथे मुलांना काम दुसऱ्याने दिलेलं असतं, पण ते कशासाठी आहे हे त्यांना नीट माहीत असतं.

सर्वांत वरची पायरी लोक हमखास चुकीची सांगतात. ‘सगळं मुलांनीच ठरवायचं’ ही ती पायरी नाही, ती सातवी. आठव्या पायरीवर कल्पना मुलांची असते आणि निर्णय ती मोठ्यांसोबत मिळून घेतात. ‘मग काय, सगळा कारभार पोरांच्या हाती द्यायचा का?’ असं तावातावाने विचारणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी अर्धा वाद मिटतो.

ही मेहेरबानी आहे की हक्क?

अठरा वर्षांखालच्यांसाठी हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलांना अधिकार आहे आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन दिलं पाहिजे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. फिनलंड आणखी पुढे गेला. तिथल्या २०१५ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेला युवा परिषद किंवा तशी व्यवस्था ठेवावीच लागते.

करारातल्या १२ व्या कलमाचा लोक सोयीने अर्धाच अर्थ लावतात: बोलू दिलं, झालं. बेलफास्टच्या बालहक्क अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये त्याचे चार भाग करून दाखवले. बोलायला सुरक्षित जागा हवी. बोलण्यासाठी मदत हवी. ऐकणारा हवा. आणि त्या ऐकण्याचा निर्णयावर परिणाम व्हायला हवा. पहिले दोन भाग उत्साही शिक्षक किंवा कार्यकर्ता जमवून आणतो. गाडी अडते ती तिसऱ्यावर, कारण ज्याची सही चालते तो माणूस त्या खोलीत नसतोच. सही करणारा येणार नसेल, तर बैठक पुढे ढकललेली बरी.

बैठकीआधीचा एक कागद

पहिली बैठक बोलावण्याआधी एक पान लिहून काढावं. त्यावर तीन गोष्टी असाव्यात. काय आधीच ठरलं आहे आणि बदलणार नाही: जागा कुठली, एकूण पैसे किती, कोणत्या तारखेपर्यंत खर्च करायचे. काय अजून मोकळं आहे: वेळा, आतली मांडणी, नियम, कर्मचारी कसे निवडायचे. आणि मोकळ्या गोष्टींपैकी कशावर तरुणांचा शब्द अंतिम असेल, कशावर नुसता सल्ला घेतला जाईल.

हे पान लिहिताना अधिकाऱ्यांची बरीच चुळबुळ होते, कारण ‘मोकळं’ या भागात लिहायला फारसं काही सापडत नाही. ठेका दिलेला असतो, नकाशा मंजूर झालेला असतो, उरतो तो भिंतीचा रंग. असं असेल तर सहभागाचा देखावा करू नये. ‘या वेळी उशीर झाला, पुढच्या कामात आधी विचारू’ असं स्पष्ट सांगावं. नकार पोरं पचवतात. तीन शनिवार बसवून घेतल्यावर सगळं आधीच ठरलेलं होतं हे कळलं, तर मात्र ती पुन्हा येत नाहीत, आणि आपल्या धाकट्या भावंडांनाही ‘जाऊ नको’ म्हणून सांगतात.

हा कागद साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाच्या हातात द्यावा. पन्नास पानी आराखडा देऊन ‘वाचून या’ म्हणणं म्हणजे न विचारण्याचाच सभ्य प्रकार.

‘तुला काय हवंय?’ हा प्रश्न फसतो

या प्रश्नाला जगात कुठेही तीच उत्तरं मिळतात: पोहण्याचा तलाव, मोफत वायफाय, मोठं मैदान. पोरं हावरट आहेत म्हणून नव्हे. हवेत प्रश्न विचारला की उत्तरही हवेतच मिळतं. जे कधी पाहिलंच नाही ते कुणी कसं मागेल?

त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचाराव्यात. ‘मागच्या मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ कुठे होतास? कुणाबरोबर? तिथून का उठलास?’ या तीन प्रश्नांतून वेळ, सोबत आणि अडचण, तिन्ही हाती लागतात. ‘साडेसातला उठलो, कारण शेवटची बस’ हे वाक्य तलावाच्या मागणीपेक्षा फार मोलाचं आहे. केंद्र नऊपर्यंत उघडं ठेवूनही रिकामं का राहतं, ते त्या एका वाक्यात कळतं.

दुसरी पद्धत नकाशाची. परिसराचा नकाशा दोन चौरस मीटर तरी होईल एवढा मोठा छापून टेबलावर पसरायचा. सहा ते आठ जणांचा गट, नव्वद मिनिटं. प्रत्येकाला तीन रंगांचे गोल ठिपके द्यायचे: हिरवा म्हणजे इथे मी जातो, लाल म्हणजे इथे मी टाळतो, पिवळा म्हणजे जावंसं वाटतं पण जात नाही. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त चिकटवायचं. हा नियम मोडू देऊ नये, नाहीतर पहिला बोलणारा सगळ्यांचे ठिपके ठरवतो. मुलामुलींचे ठिपके वेगवेगळ्या आकाराचे ठेवले, तर ज्या चौकात मुलांचे सगळे हिरवे आहेत तिथे मुलींचे सगळे लाल आहेत, हे चर्चेआधीच सगळ्यांना दिसतं. खरी माहिती बहुधा पिवळ्या ठिपक्यांत दडलेली असते. त्या जागा आवडत्या असतात, फक्त आड काहीतरी येतं: बंद पडलेला दिवा, तिथे बसणारं टोळकं, कुलूपबंद स्वच्छतागृह. यातल्या बऱ्याच गोष्टींना नवी इमारत लागत नाही.

नकाशानंतर त्याच मुलांबरोबर त्या जागी पायी जाऊन यावं, आणि तेही ती ज्या वेळेला तिथे असतात त्याच वेळी. सकाळी अकराला बागेची पाहणी करणाऱ्याला संध्याकाळी सातचा अंधार दिसत नाही. वाटेत फोटो मुलांनीच काढावेत. मोठा माणूस फुटलेल्या फरशीचा फोटो काढतो, पोरगी ज्या कोपऱ्यातून पलीकडचं दिसत नाही त्या कोपऱ्याचा काढते.

आराखडा वाचता येत नाही ही अडचण मोठ्यांनाही असते. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वसाहत कार्यक्रमाने माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळाच्या निर्मात्यांबरोबर एक उपक्रम चालवला. त्यात लोक आपल्या वस्तीतली खरी जागा खेळातल्या ठोकळ्यांनी उभी करून त्यात बदल सुचवतात. संगणक नसला तरी काही अडत नाही. जागेवरच खडूने पूर्ण मापाच्या रेषा मारल्या की बाक कुठे आणि वाट कुठे, हे कुणालाही चालून पाहता येतं.

व्हिएन्नाच्या बागेत मुली का दिसत नव्हत्या

१९९० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात बागांच्या वापराचा अभ्यास झाला. वयाच्या साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांमधून झपाट्याने कमी होत होत्या, मुलगे मात्र टिकून होते. मुलींना बंदी कुणीच केली नव्हती. बागेत मधोमध एक मोठी मोकळी जागा होती आणि तिच्यावर ज्यांचा जोर जास्त त्यांचा ताबा असे. हटकून भांडण्यापेक्षा मुली निघून जात.

१९९९ मध्ये शहराने पाचव्या जिल्ह्यातल्या दोन बागा प्रयोग म्हणून बदलल्या. पायवाटा वाढवल्या, मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, झाडी लावून जागा विभागल्या. वेगवेगळे गट एकाच वेळी बागेत दिसू लागले आणि मुली परत आल्या.

एकच मोठी चांगली जागा केली की ती सगळ्यांची होते, हा समज यातून मोडतो. ती बहुधा एकाच गटाची होते. आणि ‘इथल्या मुलांना काय हवंय?’ हे जे बागेत हजर आहेत त्यांनाच विचारलं, तर उत्तर कायम ‘आणखी मोठं मैदान’ असंच येणार. जे आलेले नाहीत त्यांना शोधून विचारणं हा कामाचा अर्धा भाग आहे.

पैसा हातात दिल्याशिवाय सगळं गोड गोड

सहभागी अंदाजपत्रक म्हणजे सार्वजनिक पैशाचा एक हिस्सा कशावर खर्चायचा हे लोकांनीच मतदानाने ठरवणं. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये ते सुरू झालं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या बॉस्टन शहराने ते फक्त तरुणांसाठी केलं: दहा लाख डॉलर, आणि मत देण्याचं वय १२ ते २५. निवडून आलेल्या कामांत बागांमधले दिवे आणि पदपथ, शाळांसाठी लॅपटॉप आणि चित्रांसाठी भिंती होत्या. पोरांच्या हातात पैसा दिला तर ती उधळतील असं म्हणणाऱ्यांनी ही यादी पुन्हा वाचावी.

बॉस्टनचा पैसा भांडवली होता. भांडवली खर्च म्हणजे एकदाच होणारा: बांधकाम, वस्तू. चालू खर्च म्हणजे दर महिन्याचा: पगार, वीज, साफसफाई. युवा केंद्रं बंद पडतात ती या दुसऱ्या खर्चापायी. पहिला पैसा फीत कापण्याच्या कार्यक्रमासकट मिळतो, दुसरा कुणीच मागत नाही. म्हणून मुलांसमोर पर्याय ठेवताना प्रत्येकापुढे दोन आकडे लिहावेत, बांधायला किती आणि वर्षाला चालवायला किती. दुसरा आकडा पाहिल्यावर चौदा वर्षांची मुलंही लगेच विचारतात, ‘मग आहे तेच वाचनालय रात्री उघडं ठेवलं तर?’

‘येऊन येऊन येतात ती नेहमीचीच चार पोरं’

तक्रार खरी आहे. युवा परिषदेत बहुधा छान बोलणारी, शाळेत पुढे असणारी, घरून पाठिंबा असलेली मुलं येतात. त्यात त्यांचा दोष नाही, पण इतरांच्या वतीने तीच बोलत राहिली तर चित्र वाकडं दिसतं.

इतर का येत नाहीत, याची कारणं फार गूढ नसतात. शनिवारी दुपारी कामावर जावं लागतं. प्रवासाला पैसे लागतात. धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. सरकारी इमारतीच्या दारावर ओळखपत्र मागतात. म्हणून प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्यावा, पावत्या जमवून महिन्याने नव्हे. नियमित काम करणाऱ्यांना मानधन द्यावं. त्याच खोलीतल्या सल्लागाराला पैसे मिळतात आणि सोळा वर्षांच्या मुलीला प्रमाणपत्र, हे तिच्या लक्षात येतं. सदस्यांच्या जागाही निवडक परिषदेपुरत्या ठेवू नयेत. काही नावं परिसराच्या यादीतून चिठ्ठी टाकून काढावीत आणि बैठक तरुण जिथे आधीच जमतात तिथे न्यावी.

अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची लेखी संमती घ्यावी, एका खोलीत किमान दोन जबाबदार मोठी माणसं असावीत आणि फोटो कुठे वापरणार ते आधी सांगावं. ही काळजी घेतलीच पाहिजे. पण मोठी माणसं जास्त झाली तरी काम बिघडतं. आठ मुलांसमोर सहा अधिकारी बसले, तर ती बैठक राहत नाही, तोंडी परीक्षा होते.

‘पोरं जमली की गोंधळ होणारच’

शेजाऱ्यांची ही भीती झटकून टाकू नये. रात्रीचा आवाज, कचरा, गाड्या या खऱ्या अडचणी आहेत. प्रश्न त्यावरच्या उपायाचा आहे. २००५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र आलं. ते साधारण १७ किलोहर्ट्झचा तीक्ष्ण आवाज काढतं. वयाबरोबर एवढा उंच आवाज ऐकू येईनासा होतो, त्यामुळे तो त्रास प्रामुख्याने तरुणांनाच होतो. बाकावर मध्ये लोखंडी दांडे बसवणं, कठड्यांवर खुंट्या ठोकणं हे त्याचेच चुलत भाऊ. पोरं त्याने नाहीशी होत नाहीत, दोन गल्ल्या पुढे आणखी अंधारात सरकतात.

यापेक्षा जागेचे नियम त्यांच्याचकडून लिहून घ्यावेत. शेजारच्या दोन-तीन रहिवाशांना एका बैठकीला बोलावावं आणि आवाज किती वाजता बंद, कचरापेटी कुठे, तक्रार कुणाकडे, हे समोरासमोर ठरवावं. नियम पाच-सहाच असावेत आणि ते ‘करू नये’ पेक्षा ‘असं करू’ या भाषेत असावेत. स्वतः घातलेला नियम मोडणाऱ्याला मुलं आपापसांतच बोलतात, तिथे पहारेकऱ्याची शिट्टी लागत नाही.

‘काम होईपर्यंत ती मोठी होतात’

सगळ्यांत रास्त आक्षेप हाच. बांधकामाला तीन वर्षं लागतात. ज्या पंधरा वर्षांच्या मुलाने नकाशावर ठिपके लावले, तो दार उघडेल तेव्हा अठराचा झालेला असतो आणि शिकायला दुसरीकडे गेलेला असतो. त्याच्या वाट्याला काय आलं?

म्हणून मोठ्या कामाबरोबर एखादं लहान काम तीस दिवसांत करून दाखवावं: एक दिवा, दोन हलते बाक, वाचनालयाची एक जादा तास वेळ. बाक हलतेच ठेवावेत. महिनाभरात पोरं ते ओढून कुठे नेतात ते पाहून मगच कायमचे बाक कुठे रोवायचे ते ठरवावं. तरुणांच्या गटाचं सदस्यत्व एक ते दीड वर्षाचं ठेवावं आणि सगळे एकदम न बदलता अर्धे-अर्धे बदलावेत, म्हणजे जुन्यांकडून नव्यांना कामाची माहिती मिळते. आणि प्रत्येक बैठकीनंतर दोन आठवड्यांच्या आत, त्याच जागी, भिंतीवर एक तक्ता लागला पाहिजे: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय केलं, काय केलं नाही आणि का. चौथा रकाना भरायला सगळ्यात अवघड जातो. ‘अग्निसुरक्षेच्या नियमामुळे मागचं दार कुलूपबंद ठेवता येत नाही’ इतकं नेमकं कारण तिथे लिहावं. ‘तांत्रिक कारणांमुळे’ असं लिहायची वेळ आली, तर तक्ता लावण्याआधी संबंधित अधिकाऱ्याला फोन करून खरं कारण काय ते विचारून घ्यावं.